बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नायस्मिथ

थोरांचीं चरित्रें वाचावयास घेतलीं म्हणजे आपल्या मनापुढें बहुधा राजे, सेनापति, साधु, कवि अथवा शास्त्रज्ञ उभे राहतात. एखाद्या शाळामास्तराचें चरित्र थोरांच्या मालिकेंत गुंफावें असें सहसा कोणास सुचत नाहीं; आणि ज्याची सारी कीर्ति एका खेळावर उभारलेली आहे अशा मास्तराचें तर नाहींच नाहीं. तथापि ह्या वार्षिकासाठीं चरित्रनायक निवडतांना आम्हीं मुद्दाम असाच एक शिक्षक निवडला आहे. खेळानें अभ्यास बुडतो ही तक्रार घेऊन येणारे पालक आणि अभ्यासानें खेळ बुडतो ही तक्रार मनांत ठेवणारे विद्यार्थी, ह्या दोघांचीही गांठ आम्हांस दरवर्षीं पडते. त्या दोघांनाही कांहीं सांगावें असें ह्या पुरुषाच्या आयुष्यांत पुष्कळ आहे.

कामठ्याच्या मुलांना लगोरी शिकवावी लागत नाहीं. चपट्या दगडांची उतरंड रचावी, दुरून नेम धरून चेंडू मारावा, उतरंड कोसळली कीं धूम ठोकावी, हें आमच्या प्रत्येक वाडीवस्तींतील पोरास पाळण्यांतच कळत असावें. ह्याच जातीचा एक खेळ कॅनडा देशांतील एका खेड्यांत मुलें खेळत असत. मोठ्या खडकावर एक लहान धोंडा ठेवावयाचा, एकानें त्याची राखण करावयाची आणि बाकीच्यांनीं दुरून दगड मारून तो धोंडा खालीं पाडावयाचा. आपला दगड परत आणावयास गेलें असतां राखणदारानें गांठून शिवलें कीं आपल्यावर राज्य आलें. त्या खेळाचें तिकडील नांव खडकावरचें बदक असें आहे. जो मुलगा अंगांतील सर्व बळ एकवटून सरळ दगड फेंकी, त्याचा दगड दूर जाऊन पडे व तो आणावयास त्यास लांब धांवावें लागे. जो मुलगा दगड हळूच उंच उडवून कमानीसारखा वळवी, त्याचा दगड नेमका खडकाजवळ पडे व तो चटकन सुटून जाई. बळापेक्षां नेम श्रेष्ठ, हें ह्या खेळांतील मर्म एका पोरक्या मुलाच्या ध्यानांत राहिलें. पुढें सुमारें वीस वर्षांनीं तेंच मर्म साऱ्या जगाच्या उपयोगीं पडावयाचें होतें.

त्या मुलाचें नांव जेम्स नायस्मिथ. त्याचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजीं कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतांत आल्मॉन्ट गांवाजवळ झाला. घराणें मूळचें स्कॉटलंडचें. बाप लांकडाच्या धंद्यांत होता. १८७० सालीं विषमज्वराची सांथ घरांत शिरली व तींत आईबाप दोघेही थोड्याच दिवसांच्या अंतरानें निवर्तले. जेम्स त्या वेळीं नऊ वर्षांचा होता. त्यास एक वडील बहीण व एक धाकटा भाऊ. हीं तीन मुलें आजीच्या व पुढें पीटर नांवाच्या ब्रह्मचारी मामाच्या आश्रयानें वाढलीं. मामा देवभीरु, कष्टाळू व शिस्तीचा. लाड म्हणून ठाऊक नाहीं. परंतु ज्यानें त्यानें आपला भार आपण उचलावा हा त्याचा कटाक्ष असे. जेम्स एकदां घोडे हांकीत गोठलेली नदी ओलांडीत होता, तों बर्फ फुटून घोडे पाण्यांत गेले. पोरानें मोठ्या शर्थीनें घोडे कांठावर ओढून काढले व मान वर करून पाहतो तों झाडाआड मामा उभा. मामा सर्व वेळ पाहत होता, पण मदतीस पुढें आला नव्हता, अशी कथा त्यांच्या चरित्रांत येते. ही रीत कोणास निष्ठुर वाटेल. आम्हांसही ती पुरी पटत नाहीं; पण त्या पोराच्या अंगीं जें स्वावलंबन आलें, त्याचें मूळ येथें आहे एवढें खरें.

शाळेंत मात्र जेम्सचें चित्त रमेना. पंधराव्या वर्षीं त्यानें शाळा सोडली व रानांत लांकडें तोडणाऱ्या मजुरांच्या टोळीबरोबर तो काम करूं लागला. कुऱ्हाड, करवत, थंडी आणि रांगडी सोबत ह्यांत त्याचीं कित्येक वर्षें गेलीं. त्या सोबतींत असतां तो दारूच्या गुत्त्यांतही जाऊं लागला होता. एके दिवशीं तेथें एका अनोळखी गृहस्थानें त्याच्या मृत आईची आठवण काढली व तिच्या मुलाला अशा जागीं पाहून तिला काय वाटलें असतें असें सुचविलें. तेव्हांपासून त्यानें पुन्हा पेल्यास हात लावला नाहीं, असें सांगतात. तें कसेंही असो, विसाव्या वर्षाच्या सुमारास तो उंचापुरा जवान लहान मुलांच्या बांकावर पुन्हा येऊन बसला व १८८३ सालीं शाळेचा अभ्यास पुरा करून मॉन्ट्रिऑल शहरांतील मॅक्गिल विद्यापीठांत दाखल झाला.

पालकांनीं येथें क्षणभर थांबावें अशी आमची विनंती आहे. धानाच्या कापणीला हात हवेत म्हणून, किंवा गणितांत दोनदां अपयश आलें म्हणून, शाळेंतून काढून घेतलेलीं मुलें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत. एकदां गेलेला मुलगा परत येत नाहीं, आणि परत यावयाचें म्हटलें तर त्यास मोठ्या वयाची लाज वाटते. जेम्सनें ती लाज गिळली. ती गिळली नसती तर आम्हांस आज त्याचें नांवही कळलें नसतें.

मॅक्गिलमध्यें जाण्याचा हेतु ठरलेला होता. मामाची व बहिणीची इच्छा जेम्सनें धर्मोपदेशक व्हावें ही होती, आणि त्याचाही तोच निश्चय होता. प्रथम तो केवळ पुस्तकांतच गढून गेलेला असे. मग मित्रांनीं त्यास ओढून व्यायामशाळेंत नेलें आणि थोड्याच काळांत कसरत, रग्बी फुटबॉल व लॅक्रॉस ह्या खेळांत तो पहिल्या प्रतीचा खेळाडू गणला जाऊं लागला. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यानें असल्या धसमुसळ्या खेळांत पडावें हें कित्येक सज्जनांस रुचलें नाहीं. त्या काळीं खेळाचें मैदान म्हणजे सैतानाचें अंगण अशीच पुष्कळांची समजूत होती.

एकदां सामन्याच्या भरांत शेजारच्या गड्याच्या तोंडून अपशब्द निघाला. पण जवळ नायस्मिथ आहे असें पाहतांच त्यानें ओशाळून क्षमा मागितली. नायस्मिथनें त्यास कधीं एका शब्दानेंही उपदेश केलेला नव्हता. ह्या लहानशा प्रसंगानें त्याच्या मनांत विचारांचें काहूर उठलें. व्यासपीठावरून सांगितलेला सदाचार एका कानानें शिरून दुसऱ्यानें निघून जाईल; परंतु मैदानावर पाळलेला सदाचार न सांगतां दुसऱ्याच्या अंगीं उतरतो. मग तरुणांची सेवा करावयास मैदानासारखी दुसरी जागा कोणती? १८९० सालीं धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा झाल्यावरही नायस्मिथ ह्यांनीं उपदेशकाची जागा पत्करली नाहीं. मामाला वाईट वाटलें. बहिणीचा रुसवा तर पुष्कळ वर्षें गेला नाहीं. आपल्या जिवाभावाच्या माणसांस न रुचणारें, पण आपल्या अंतःकरणास पटलेलें काम हातीं घेणें किती अवघड असतें, हें ज्यानें भोगलें आहे त्यासच कळेल.

नायस्मिथ ह्यांनीं मॅसाचुसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड ह्या गांवची वाट धरली. तेथें वाय. एम. सी. ए. ह्या नांवानें जगभर ओळखल्या जाणाऱ्या संघाची शिक्षणसंस्था होती. संस्था लहान, विद्यार्थी मोजके, इमारत साधी. शारीरिक शिक्षणाचे प्रमुख डॉ. लूथर गुलिक हे होनोलुलू येथें मिशनरी आईबापांच्या पोटीं जन्मलेले, कल्पक व उद्योगी गृहस्थ होते.

ह्या संस्थेपुढें १८९१ च्या हिवाळ्यांत एक अडचण उभी राहिली. त्या प्रदेशांत हिवाळ्यांत सर्वत्र बर्फ पडतें. फुटबॉलचा हंगाम संपलेला आणि बेसबॉलचा यावयाचा. मधले तीन-चार महिने विद्यार्थ्यांस व्यायामशाळेच्या चार भिंतींआड कवाईत, डंबेल्स व जोडी ह्यांवरच भागवावें लागे. लहान मुलें तें निमूटपणें करतील. पण संघाचे चिटणीस होण्यासाठीं आलेल्या अठरा प्रौढ विद्यार्थ्यांचा एक वर्ग ह्या रुक्ष कवाइतीस इतका विटला कीं, त्यानें एकामागून एक दोन शिक्षकांस हात टेंकावयास लाविलें. गुलिक ह्यांनीं तो वर्ग नायस्मिथ ह्यांच्या गळ्यांत घातला आणि चौदा दिवसांच्या आंत घरांत खेळतां येईल असा नवा खेळ शोधून काढण्यास सांगितलें. खेळ असा हवा कीं जो शिकण्यास सोपा, खेळण्यास चुरशीचा आणि कोणाचें हाड न मोडणारा असेल.

पहिले कित्येक दिवस केवळ अपयशांत गेले. फुटबॉल घरांत आणला तर गडी लांकडी जमिनीवर आपटून जखमी होऊं लागले. पायचेंडू आणला तर खिडक्यांच्या कांचा फुटल्या. लॅक्रॉस आणला तर काठ्यांनीं हातातोंडास मार लागला. मुदत संपत आली. वर्गाचा वैताग कायम, आणि गुलिक ह्यांच्यापुढें रिकाम्या हातानें जाण्याची वेळ आलेली. आपणांपैकीं ज्या विद्यार्थ्यांस एक उदाहरण दोनदां चुकलें कीं पाटी बाजूस सारावीशी वाटते, त्यांनीं ह्या तेरा दिवसांचें स्मरण ठेवावें.

मग नायस्मिथ ह्यांनीं रीत बदलली. जुना खेळ उचलून घरांत कोंबण्याऐवजीं त्यांनीं सर्व खेळांचीं अंगें वेगळीं करून तपासलीं. बहुतेक सांघिक खेळांत चेंडू असतो. लहान चेंडूस बॅट अगर काठी लागते, तेव्हां चेंडू मोठा असावा. फुटबॉलांत धसमुसळेपणा कां होतो? चेंडू घेऊन धांवणाऱ्यास अडवावयाचें असतें म्हणून. तर मग चेंडू हातीं घेऊन धांवण्यासच बंदी करावी. म्हणजे कोणास पाडण्याचें कारणच उरणार नाहीं. आतां राहिला गोल. तो जमिनीवर उभा असला तर चेंडू जितका जोरानें मारावा तितका बरा, आणि जोर आला कीं इजा आलीच. येथें त्यांस बालपणींचा तो खडक आठवला. गोल उभा न ठेवतां आडवा ठेवला व तोही डोक्यांहून उंच, तर चेंडू कमानीनें उडवावा लागेल; तेथें आडदांडपणाचें कांहीं चालणार नाहीं, नेमच चालेल.

दुसऱ्या दिवशीं त्यांनीं संस्थेच्या शिपायाकडे दीड फूट लांबीरुंदीचीं दोन खोकीं मागितलीं. खोकीं नव्हतीं, पण पीच नांवाचीं फळें भरण्याच्या दोन टोपल्या कोठडींत पडल्या होत्या, त्या त्यानें आणून दिल्या. नायस्मिथ ह्यांनीं त्या सज्जाच्या कठड्यास दोन्ही टोंकांस एकएक अशा खिळ्यांनीं ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता. आज साऱ्या जगांत बास्केटबॉलचें कडें दहा फुटांवर असतें, तें ह्याच योगायोगामुळें. आमच्याकडे बुरूड जशा बांबूच्या टोपल्या विणतो आणि मोहफुलें वेंचावयास जातांना बायाबापड्या ज्या कमरेवर घेतात, तसलीच ती सामान्य वस्तु. एवढ्या भांडवलावर जगांतील एक मोठा खेळ उभा राहिला.

मग त्यांनीं तेरा नियम लिहून काढले व ते टंकून घेऊन फलकावर लाविले. चेंडू एका किंवा दोन्ही हातांनीं कोणत्याही दिशेस फेंकावा, पण मूठ वळून मारूं नये. चेंडू घेऊन धांवूं नये. जेथें हातीं आला तेथूनच फेंकावा. खांद्यानें ढकलणें, धरणें, लोटणें, पायांत पाय घालणें व मारणें ह्यांस सक्त मनाई. पहिल्या अपराधास दोष मोजावा. दुसऱ्यास पुढचा गोल होईपर्यंत खेळाडूनें बाहेर बसावें. एका बाजूकडून लागोपाठ तीन दोष घडले तर दुसऱ्या बाजूस एक गोल मिळावा. पंधरा पंधरा मिनिटांचे दोन डाव, मध्यें पांच मिनिटें विश्रांति. ह्या नियमांकडे बारकाईनें पाहिलें तर त्यांतील पुष्कळसा भाग खेळाडूनें आपल्या हातापायांस व रागास आंवर कसा घालावा ह्याविषयींचाच आहे. जो धडा त्यांस व्यासपीठावरून सांगावयाचा होता, तो त्यांनीं नियमांच्या रूपानें मैदानांत आणला.

२१ डिसेंबर १८९१ रोजीं त्या अठरा उनाड विद्यार्थ्यांचे नऊ नऊ असे दोन संघ पाडून पहिला सामना झाला. सबंध खेळांत एकच गोल झाला. तो विल्यम चेस नांवाच्या विद्यार्थ्यानें सुमारें पंचवीस फुटांवरून केला. टोपलीस बूड असल्यामुळें चेंडू आंत अडकला, तो शिडी लावून काढावा लागला. परंतु वर्गाची कुरकुर त्या दिवशीं संपली ती संपलीच. फलकावरील नियमांचा कागद पुढें नाहींसा झाला. तो वर्गांतील दांडग्या मंडळींचा म्होरक्या फ्रँक महान ह्यानें आठवण म्हणून नेला होता, व नंतर त्यानें आपण होऊन तो परत केला. नव्या खेळास नायस्मिथ ह्यांचेंच नांव द्यावें असें ह्याच महाननें सुचविलें, पण तें नायस्मिथ ह्यांनीं हंसून नाकारलें. तेव्हां टोपली आणि चेंडू ह्या दोन शब्दांचें मिळून बास्केटबॉल हें नांव पडलें.

नाताळच्या सुटींत विद्यार्थी घरोघर गेले व खेळ आपल्याबरोबर घेऊन गेले. जानेवारी १८९२ मध्यें संस्थेच्या मासिकांत नियम छापून आले. ११ मार्च १८९२ रोजीं विद्यार्थी व शिक्षक ह्यांचा जाहीर सामना झाला. सुमारें दोनशें प्रेक्षकांसमोर विद्यार्थ्यांनीं गुरुजनांस पांच विरुद्ध एक अशा गोलांनीं हरविलें. पुढें टोपलीच्या जागीं लोखंडी कडें व जाळी आली. सज्जांतील प्रेक्षक हात घालून चेंडू अडवीत, म्हणून कड्यामागें फळी आली. १८९७ च्या सुमारास प्रत्येक बाजूस पांच गडी हा आंकडा स्थिर झाला.

ह्या कथेंतील मुलींचा भाग आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेजवळ एक प्राथमिक शाळा होती. तेथील शिक्षिका जातां-येतां खेळाचा गलका ऐकून सज्जांत येऊन बसूं लागल्या. आम्हांसही हा खेळ शिकवाल काय असें त्यांनीं विचारलें, आणि नायस्मिथ ह्यांनीं आढेवेढे न घेतां होकार दिला. पायघोळ झगे आणि उंच टांचांचे जोडे घालून त्या मैदानांत उतरल्या. त्या पहिल्या स्त्रीखेळाडूंपैकीं मॉड शर्मन ह्या तरुणीशीं १८९४ सालीं नायस्मिथ ह्यांचा विवाह झाला.

जवळच नॉर्थॅम्प्टन येथें स्मिथ कॉलेज नांवाचें स्त्रियांचें विद्यालय होतें. तेथें सेंडा बेरेन्सन ह्या तरुण शिक्षिका नुकत्याच रुजू झाल्या होत्या. त्यांचा जन्म लिथुआनियांतील ज्यू कुटुंबांत झालेला. लहानपणीं प्रकृति नाजूक, व्यायामानेंच त्यांस बळ आलेलें. नायस्मिथ ह्यांचा खेळ त्यांनीं १८९२ मध्येंच आपल्या विद्यार्थिनींस शिकविला. त्या काळीं वैद्यांपासून उपदेशकांपर्यंत पुष्कळांचें मत असें होतें कीं, जोराच्या खेळानें स्त्रीचें शरीर व शील दोन्हीं बिघडतात. बेरेन्सनबाईंनीं वाद घालीत न बसतां मैदानाचे तीन भाग केले, प्रत्येक खेळाडूस तिच्या भागांतच राहण्याचा नियम घातला, आणि दुसरीच्या हातचा चेंडू हिसकावण्यास बंदी केली. २२ मार्च १८९३ रोजीं पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींचा सामना झाला. पुरुष प्रेक्षकांस आंत मज्जाव होता. १८९६ सालीं कॅलिफोर्नियांत स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया ह्या विद्यापीठांच्या मुलींचा सामना झाला व तो स्टॅनफर्डनें दोन विरुद्ध एक असा जिंकला. म्हणजे हा खेळ जन्मतःच मुलगे व मुली दोघांचा झाला. मुलांनीं वापरून टाकल्यावर मुलींच्या वांट्यास आला असें झालें नाहीं.

नायस्मिथ ह्यांच्या जागीं दुसरा कोणी असता तर ह्या खेळावर हक्क सांगून त्यानें पैसा केला असता. त्यांनीं तसें कांहीं केलें नाहीं. १८९५ मध्यें ते डेन्व्हर येथील संघाच्या व्यायामशाळेचे प्रमुख झाले. काम सांभाळून त्यांनीं वैद्यकीचा अभ्यास केला व १८९८ सालीं डॉक्टरीची पदवी मिळविली. त्याच वर्षीं कॅन्सस विद्यापीठांत शारीरिक शिक्षण व प्रार्थनामंदिर ह्या दोहोंची व्यवस्था पाहण्यासाठीं त्यांची नेमणूक झाली, आणि पुढील सुमारें चाळीस वर्षें त्यांनीं तेथेंच काढलीं.

तेथें त्यांनीं बास्केटबॉलचा संघ उभारला. गंमतीची गोष्ट अशी कीं, खेळाच्या जनकाच्या संघानें पंचावन्न सामने जिंकले आणि साठ गमावले. त्या विद्यापीठाच्या संघास आजवर जे अनेक मार्गदर्शक लाभले, त्यांत जयापेक्षां पराजय अधिक असा एकटे नायस्मिथच. त्यांस त्याचें वैषम्य वाटलें नाहीं. हा खेळ शिकवून जिंकावयाचा नसून खेळून आनंद घ्यावयाचा आहे, असें ते आपला शिष्य फॉग ॲलन ह्यास सांगत. ॲलन ह्यांस तें पटलें नाहीं. ते पुढें नामांकित मार्गदर्शक झाले. गुरुशिष्यांच्या ह्या मतभेदांत कोणाचें खरें, ह्याचा निकाल आम्ही देत नाहीं. परंतु हार झालेल्या संघाच्या मुलांस घरीं आल्यावर तोंड लपवावें लागतें, तेथें नायस्मिथ ह्यांचा पराजयांचा हिशेब आठवावा असें आम्हांस वाटतें.

१९३३ सालीं जॉन मॅक्लेंडन नांवाचा एक कृष्णवर्णी विद्यार्थी कॅन्ससमध्यें शारीरिक शिक्षण शिकावयास आला. त्या दिवसांत कृष्णवर्णीयांस विद्यापीठाच्या संघांत खेळतां येत नसे; मैदान होतें, चेंडू होता, पण वर्ण आड येई. म्हाताऱ्या नायस्मिथ ह्यांनीं त्यास आपल्या हाताखालीं घेतलें, जें जें ठाऊक होतें तें शिकविलें आणि शिकविण्याचा अनुभव मिळावा म्हणून खटपट केली. संघाचें दार ते उघडूं शकले नाहींत. परंतु ज्ञानाचें दार त्यांनीं बंद होऊं दिलें नाहीं. हाच मॅक्लेंडन पुढें थोर मार्गदर्शक झाला आणि १९५७, १९५८ व १९५९ अशीं लागोपाठ तीन वर्षें त्याच्या संघानें अमेरिकेंतील लहान महाविद्यालयांची राष्ट्रीय अजिंक्यपदें मिळविलीं. ज्या समाजांत विहिरीवर व देवळांत माणसांना वेगळें उभें केलें जात असे, त्या समाजांतील आम्हां लोकांस ह्या गोष्टीचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाहीं.

१९१६ सालीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, नायस्मिथ ह्यांस रीतसर धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. ते पलटणीबरोबर मेक्सिकोच्या सरहद्दीवर गेले. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें सैनिकांची सेवा करीत १९१९ पर्यंत राहिले. मामाची इच्छा अशा रीतीनें फार उशिरां पण पुरी झाली.

१९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकमध्यें बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. पंचाहत्तरीस टेकलेल्या ह्या शिक्षकाजवळ प्रवासापुरते पैसे नव्हते. तेव्हां देशभरच्या बास्केटबॉल मार्गदर्शकांच्या संघटनेनें वर्गणी जमवून त्यांस पाठविलें. पत्नी मॉड आजारी असल्यानें बरोबर जाऊं शकल्या नाहींत. हिटलरच्या त्या झगमगाटांत बास्केटबॉलचे सामने उघड्यावर, टेनिसच्या मैदानांत झाले. अंतिम दिवशीं पावसानें चिखल माजला. त्यांत अमेरिकेनें कॅनडास १९ विरुद्ध ८ गुणांनीं हरविलें. एक त्यांची जन्मभूमि, दुसरी त्यांची कर्मभूमि. तिसरा क्रमांक मेक्सिकोचा. पदकें देण्याचा मान नायस्मिथ ह्यांस मिळाला. निरनिराळ्या देशांचे संघ आपला खेळ खेळतांना पाहून त्या वृद्धाचे डोळे भरून आले असल्यास नवल नाहीं. १९३७ मध्यें मॉडबाई वारल्या व त्याच वर्षीं ते सेवानिवृत्त झाले. २८ नोव्हेंबर १९३९ रोजीं कॅन्ससमधील लॉरेन्स गांवीं त्यांचें निधन झालें.

आपल्या देशाशीं ह्या खेळाचा संबंध फार जुना आहे. स्प्रिंगफील्डच्या त्या पहिल्या अठरा विद्यार्थ्यांपैकीं डंकन पॅटन ह्यानें १८९४ सालीं हा खेळ हिंदुस्थानांत आणला अशी नोंद सांपडते. स्प्रिंगफील्डचेच दुसरे विद्यार्थी हॅरी क्रो बक ह्यांनीं १९२० सालीं मद्रास येथें शारीरिक शिक्षणाचें महाविद्यालय काढलें, आणि तेथून तयार झालेले शिक्षक देशभर शाळाशाळांतून पसरले. १९३४ सालीं दिल्लीस पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९५० सालीं अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. मुंबईच्या नागपाड्यासारख्या दाट वस्तींत ह्या खेळानें पिढ्यान् पिढ्यांच्या तरुणांस वळण लाविलें. आमच्या विदर्भांतही अमरावतीस १९१४ पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें शरीरशिक्षणाची जी परंपरा चालविली, तिच्यामुळें व्यायामशिक्षक ह्या शब्दास प्रतिष्ठा आली. स्त्रियांच्या बास्केटबॉलास ऑलिंपिकमध्यें स्थान मिळण्यास मात्र १९७६ साल उजाडावें लागलें. आणि तो मान कोणत्या शहरास मिळाला? मॉन्ट्रिऑलला, ज्या शहरांत धर्मशास्त्राचा एक विद्यार्थी प्रथम मैदानांत उतरला होता, त्याच शहराला.

फलकावर लाविलेला तो तेरा नियमांचा कागद २०१० सालीं लिलावांत चाळीस लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीस विकला गेला, व आतां तो कॅन्सस विद्यापीठांत जतन करून ठेवलेला आहे. तो लिहिणाऱ्यास त्यापासून एक पैही मिळाली नाहीं, आणि त्यानें ती मागितलीही नाहीं.

विद्यार्थ्यांनो, ह्या चरित्रापासून केवळ उंच उडी मारावयास शिकूं नका. मैदानांत उतरतांना तुमच्या हातीं चेंडू असेल तेव्हां तो दुसऱ्यास द्यावयास शिका. पंचानें दोष दिला तर वाद न घालतां बाहेर बसावयास शिका. आणि ज्या सोबत्यास कोणी खेळावयास घेत नाहीं, त्यास आधीं बोलवा. पालकांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, संध्याकाळची एक घटका मुलाला व मुलीलाही मैदानासाठीं मोकळी द्या. मुलीस घरांत काम आहे हें आम्ही जाणतों. पण काम मुलासही आहे. दहा फूट उंचीच्या खांबावर एक कडें आणि एक चेंडू, ह्याहून अधिक कांहीं लागत नाहीं. आणि तेंही नसलें तर बुरुडाकडची एक टोपली पुरे. नायस्मिथ ह्यांनीं आरंभ तेवढ्यावरच केला होता.